भाऊबीजेला आलेली हिल्डा

थुंकी माझी आणि वंशावळ ह्यांची, असा घोटाळा मी केला आणि त्यापायी एका भल्या बाईला वर्षभर नाचवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर वाचणाऱ्यानं ते बेतानंच घ्यावं. बरं, मी अडाणी असते तर एक वेळ चाललं असतं. यवतमाळच्या शाळेत मी सगळी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात घालवली. वाटाण्याची उंच झाडं, बुटकी झाडं, त्यांची पोरं, त्यांची नातवंडं फळ्यावर काढून काढून माझा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला. आणि एवढं करून, लेकीनं ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या डीएनएच्या नळीत थुंकताना या बाईसाहेब विसरल्या की थुंकी आपली आहे.

लोकांच्या लेकी आईला साडी आणतात, माझ्या लेकीनं नळी आणली. थुंकण्याआधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही असा तिचा नियम होता. तो अर्धा तास मी सुपारीशिवाय काढला, एवढंच त्या संशोधनाला माझं योगदान. पुढे दोन-तीन महिन्यांनी फोनवर उत्तर आलं. बाकी सगळं आपल्याकडचं, पण चांगला पाव हिस्सा इंग्लंडचा! मी फोन घेऊन तशीच ह्यांच्याकडे गेले. हे पेपर वाचत होते.

"बघा," मी म्हटलं, "तुमच्या घराण्यात साहेब निघाला."

तेव्हा मी नुकती पासष्टी ओलांडलेली, म्हणजे कोवळीच. लग्नात माझं नाव बदललं, आडनाव बदललं, गोत्र बदललं, कुलदैवत बदललं. तेव्हापासून 'आमच्या घराण्यात' म्हटलं की डोळ्यांपुढे सासरचेच फोटो यायचे. थुंकी तेवढी बदलायची राहिली, हे कुणी सांगितलंच नाही मला. त्यात सासरी गोरेपणाचा कोण टेंभा! ह्यांचे आजोबा लख्ख गोरे, घाऱ्या डोळ्यांचे. मी सावळी म्हणून सासूबाईंनी पहिल्या वर्षी हळदीकुंकवाला मला मागच्या खोलीत बसवलं होतं. त्या घराचा गोरेपणा उसना निघाला म्हणताना मला जो आनंद झाला, त्या आनंदात जीवशास्त्र कुठल्या कुठे वाहून गेलं.

त्याच आठवड्यात हिल्डाचा संदेश आला. तिनंही अशीच थुंकी दिलेली होती आणि संगणकानं आमचं दोघींचं नातं जुळवलं होतं. 'जवळचं' नातं, असं तिथे लिहिलं होतं. हिल्डा इंग्लंडातल्या एका खेड्यात राहायची, टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, एकुलत्या एक बापाची एकुलती एक लेक. तो संदेश लिहायला बसली तेव्हा तिनं अंडं उकडायला ठेवलं होतं. मी तो वाचेपर्यंत तिकडे अंडंही जळलं आणि भांडंही. हे तिनंच पुढे सांगितलं. तिचे आजोबा यवतमाळला कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये इंजिनियर होते, काही वर्षं इथे राहून परत गेले, असं तिनं लिहिलं होतं. मी उडालेच. ह्यांचे ते घारे आजोबा त्याच प्रेसमध्ये कारकून होते! दोघे एकाच साहेबाची पोरं, एक मेमेचं, एक इकडचं, असं मी ठरवून टाकलं. आणखी काय पुरावा पाहिजे? मी तिला ह्यांची सात पिढ्यांची वंशावळ पाठवून दिली, वर "आमचं घराणं" असं ठसठशीत शीर्षक देऊन. आणि तिला सांगून टाकलं की या नात्यानं तू माझी नणंद लागतेस.

वर्षभर ती बिचारी त्या वंशावळीशी झगडत होती. गावोगावच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची, लग्नांची, दफनांची जुनी पुस्तकं वाचण्यात तिची निवृत्ती गेली होती. सायकलीवर पिशवी टाकून ती एकेका गावी जायची, थडग्यांवरचं शेवाळ मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं धुवायची आणि नावं वाचायची. "दगडाला कधी खरवडायचं नाही," ती म्हणे. "खरवडलं की शेवाळाबरोबर नावही जातं." तिची शिस्त मोठी कडक. सुरुवात स्वतःपासून करायची, मग आईबाप, मग त्यांचे आईबाप. एकेक पायरी मागे जायचं, मध्येच उडी मारायची नाही. ती हे मला व्हिडिओवर समजावून सांगायची आणि मी मान डोलवायची. मी उडी मारून कुणाच्या अंगणात उभी होते, हे मला माहीत नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं, कशाला एवढा खटाटोप? ती म्हणाली, "मला मेलेले नातेवाईक तीनशेच्या वर आहेत, शालिनी. सगळ्यांच्या तारखा पाठ आहेत. जिवंत एकही नाही. एक पाहिजे होता."

आणि दिवाळीच्या तोंडावर ती आलीच. उंच, थोडी पोक काढून चालणारी, पायात पुरुषी बूट, खांद्याला कापडी पिशवी. आमच्या कॉलनीत दोन दिवसांत तिची ओळख झाली ती एका वाक्यानं. येण्यापूर्वी तिनं एकच मराठी वाक्य शिकून घेतलं होतं: "तुमच्या आजीचं नाव काय?" नमस्कार नाही, कसं काय नाही, थेट आजी. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला, बँकेतल्या मॅनेजरला, सगळ्यांना तिनं हा प्रश्न घातला. लोक आधी हसायचे, मग विचारात पडायचे. वडिलांच्या आजोबांचं नाव घडाघडा सांगणारे आजीच्या नावाशी अडायचे. "आम्ही तिले बुढीमाय म्हणत होतो," भाजीवाली म्हणाली, "नाव असंन काहीतरी." दुसऱ्या दिवशी तिनं हिल्डाला हाक मारून थांबवलं. "ओ बाई, गिरजा! रात्री मायले फोन करून इचारलं. गिरजा नाव होतं तिचं." आणि वांग्यांवर मूठभर कोथिंबीर फुकट टाकली.

खाण्याच्या बाबतीत माझी ही नणंद कुठल्याही नणंदेपेक्षा बरी. गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घालून शिजवलेला आमचा वऱ्हाडी भात, तिला असा आवडला की वरून मिरचीच्या तेलाची धार सोडताना ती स्वतःच ताट पुढे करायची आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणायची, "थोडं आणखी." हे तिला आधी टाळायचे. आपल्या आजोबांवर आलेलं किटाळ सदेह घरात फिरतंय, चहा पितंय, असं त्यांना वाटायचं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून राहिलेला माणूस. ज्या कागदावर सही नाही तो कागद मानायचा नाही, ही सवय. "तुझं ते थुंकीशास्त्र मला सांगू नकोस," म्हणायचे. पण हिल्डा रोज सकाळी त्यांच्याबरोबर गच्चीत बसून गुपचूप पेपर बघायची. मराठी पेपर! एक अक्षर येत नव्हतं. हे पान उलटायचे, ती पान उलटायची. पाचव्या-सहाव्या दिवशी बघते तर हे तिला बाजारभावाच्या पानावर बोट ठेवून सोयाबीन आणि तूर समजावून सांगत होते.

हिल्डाला आमच्यात एकच गोष्ट रुचली नाही. आमच्याकडे थडगी नाहीत. "मग तुम्ही तुमची माणसं ठेवता कुठे?" तिनं विचारलं. मी सांगितलं, कुठे नाही; भाद्रपदात पंधरा दिवस त्यांना बोलावतो, जेवायला घालतो, परत पाठवतो. आणि तेही तीन पिढ्यांपर्यंतच. त्यापलीकडच्यांनी आपापली सोय बघावी. ती म्हणाली, "जेवायला घालणं दगडापेक्षा बरं आहे. पण तीन फार कमी."

भाऊबीजेला मी मुद्दाम खोडी काढली. माझी खरी नणंद, कुसुमताई, दरवर्षी नेरहून येतात. शेतकऱ्याच्या घरी दिलेल्या, कापूस वेचून, सालदार गड्यांवर आवाज चढवून घसा खणखणीत झालेला. त्यांच्या शेजारी मी हिल्डालाही ताम्हण देऊन उभी केली. हिल्डा माझी जुनी रेशमी साडी नेसली होती आणि हातातलं निरांजन विझू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होती. हे पाटावर बसलेले, डोक्यावर टोपी, चेहरा ऑडिट आल्यासारखा. कुसुमताईंनी ओवाळलं. मग हिल्डानं ओवाळलं, माझ्याकडे बघत बघत, चुकत चुकत, आणि शेवटी ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "मला भाऊ कधीच नव्हता," ती हळूच म्हणाली. हे इंग्रजीत "थँक यू" म्हणाले. मी हे दोन्ही कुसुमताईंना मराठीत सांगितलं, वर तिखटमीठ लावून आजोबांचा उद्धारही केला. तिथे वात पेटली.

"थांब," कुसुमताई म्हणाल्या. "मले एक सांग, वहिनी. त्या नळीत थुकलं कोन?"

"मी."

"दादा नाही थुकला?"

"ह्यांना किळस येते."

"मंग तुह्या थुकीतून माह्या आजोबाचं लफडं कसं काय निंगालं?"

मी त्यांच्या ताम्हणातली सुपारी सारखी करू लागले.

"नाही, सांग ना! वर्षभर आमच्या आजोबाले गोरा करून राह्यली तू. त्याच्या पोराचं रक्त तुह्यात आलं कुठून? तू का त्याची पोर होय? तू तर पुसदची! शाळेत काय शिकवत होती वं पोराइले?"

ह्यांच्या चेहऱ्यावरचं ऑडिट एकदम उठलं. मी ह्यांना हसताना फार कमी वेळा पाहिलं आहे; त्या दिवशी ते पाटावरून घसरले. मीही हसत सुटले, आता काय करणार? ज्या बाईला मागच्या खोलीत बसवलं होतं ती सावळी बाईच पाव मेमसाहेब निघाली होती. हसू आवरेपर्यंत हिल्डाला कुणी काही सांगितलंच नाही. ती ताम्हण धरून तशीच उभी.

मी तिला सांगितलं. लग्नात आमचं घराणं बदलतं, म्हणून मी बदललेलं घराणं दिलं, असं कसंबसं समजावलं. ती हसली नाही. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणजे हा माझा भाऊ नाही?"

मग तिनं ताम्हण खाली ठेवलं, ह्यांनी त्यात ओवाळणी म्हणून घातलेली साडी उचलली आणि ती दोन्ही हातांनी पुढे केली, परत द्यायला. तेव्हा हे उठून उभे राहिले. इंग्रजी कमी पडेल म्हणून की काय, मराठीतच बोलले. "ओवाळून झालं आहे. ते परत घेता येत नाही. तिला सांग." आणि कुसुमताईंकडे वळून, "तू पण ऐक. आता पानं वाढा."

जेवताना मी बडबड करत होते, पण डोक्यात हिशेब चालू होता. थुंकी माझी. मग साहेब माझ्या कुठल्या बाजूचा? वडिलांकडचे सगळे मला ठाऊक होते, पुसदजवळच्या खेड्यातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. उरली आई.

आता या जागी कुणीही विचारील की बाई, तुला हे आधी कसं सुचलं नाही? तेच तर मी म्हणते. माझ्या आईला माहेर नव्हतं. यवतमाळच्या मिशनच्या वसतिगृहात ती वाढली, तिथेच शिकली आणि माझ्या शिक्षक वडिलांनी घरच्यांशी भांडून तिच्याशी लग्न केलं, एवढंच आम्हाला माहीत. तिचे आईबाप साथीत गेले, असं सांगत. आई उजळ होती, तर लोक म्हणायचे, मिशनमध्ये दूध-पाव खाल्लाय. केस पिंगट होते, तर म्हणायचे, वसतिगृहात पोरींना तेल मिळत नसे. आणि हे मी, आनुवंशिकता शिकवणारी मी, मान हलवून ऐकत आले होते! उन्हाळ्यात शेजारची सगळी पोरं आजोळी जायची. आम्ही विचारलं की आई म्हणायची, "आपलं आजोळ फार लांब आहे," आणि लोणच्याच्या कैऱ्या चिरायला घ्यायची. दिवाळीत गल्लीतल्या बायका माहेरी निघाल्या की ती त्यांना एसटी स्टँडपर्यंत पोचवायला जायची. प्रत्येकीला. गाडी सुटली तरी उभी राहायची. मला वाटायचं, आईला गाड्या बघायला आवडतात.

त्या दुपारी हिल्डा माझ्याजवळ येऊन बसली. आईचा फोटो तिनं मांडीवर घेतला. मला वाटलं, आता म्हणेल, नाक माझ्या वडिलांसारखं आहे. तसलं काही नाही. तिनं तेच विचारलं, मराठीत, जे ती रिक्षावाल्याला विचारायची.

"तुमच्या आजीचं नाव काय?"

"वडिलांच्या आईचं काशी," मी म्हटलं.

"आईच्या आईचं?"

भाजीवालीला निदान फोन करायला आई होती.

दिवाळी संपल्यावर आम्ही दोघी चर्चमध्ये गेलो. पाद्रीसाहेबांनी कपाट उघडून दिलं. अर्ध्या पुस्तकांचा वाळवीनं भुगा केला होता. हिल्डा तो भुगासुद्धा असा उचलायची की जणू बाळाच्या अंगावरची माशी. आईचं पान शाबूत राहिलं होतं. आईचं नाव होतं, वय होतं, पुढे वसतिगृहाचं नाव. बापाच्या रकान्यात रेघ. आईच्या रकान्यात रेघही नाही. हिल्डानं मागची-पुढची पानं चाळली आणि एका जागी थांबली. तिच्या आजोबांची सही. कुणाच्यातरी लग्नाला साक्षीदार. चार पानं पुढे पुन्हा, कुणाच्यातरी मुलाचा धर्मपिता म्हणून. झोकदार, वळणदार सही. इंग्लंडमधल्या पुस्तकांतही ती अशीच आहे, हिल्डा म्हणाली. प्रेसमधल्या नोकरीची वर्षं, आईचं वय, आमच्या दोघींच्या नात्याचं अंतर, सगळं तिनं बोटांवर पुन्हा मोजलं. आमचा दोघींचा आजोबा एकच होता, यात आता शंका राहिली नव्हती.

तिनं पुस्तक मिटलं. "सगळ्या गावासाठी सही करायला याच्याकडे शाई होती," ती म्हणाली. "शालिनी, त्याच्या वतीनं मी तुझी माफी मागते."

"तू कशाला मागतेस?" मी म्हटलं. "आता तो माझाही आजोबा आहे. शिव्या द्यायचा हक्क माझाही. मुडदा बशिवला मेल्याचा!"

तिनं अर्थ विचारला. मी सांगितला. मग त्या देवळात, पाद्रीसाहेबांच्या देखत, तिनं शब्द नीट पाठ करून आजोबाला मराठीत शिवी हासडली. पाद्रीसाहेब खिडकीबाहेरच्या निंबाकडे बघत राहिले.

घरी येऊन तिनं आपला मोठा कागद जमिनीवर पसरला. त्यावर ह्यांचं घराणं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ते खोडरबरानं हळूहळू पुसून काढलं. मग आजोबांच्या नावाशेजारी एक चौकोन काढला, त्याच्याखाली माझ्या आईचं नाव, त्याखाली माझं. वरचा चौकोन तिनं तसाच मोकळा सोडला. मी म्हटलं, नाव नाही तर चौकोन कशाला? "ती होती," हिल्डा म्हणाली. "नाव नाही म्हणून जागा नाही, असं पुन्हा नको."

जायच्या आदल्या दिवशी मी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. तिनं विचारलं, हे कोण कुणाला देतं? मी सांगता सांगता माहेर या शब्दापाशी आले आणि अडले. त्याला इंग्रजीत शब्द नाही. आईचं घर म्हटलं तर ते पुरत नाही. शेवटी मी म्हटलं, "जिथे सकाळी उशिरा उठलं तरी कुणी भांडी आपटत नाही, ते माहेर." माझे आईवडील गेले, मग भाऊ गेला, पुसदचं घर विकलं गेलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली, हेही सांगितलं. अगदी सहज, कढीला फोडणी द्यावी तसं.

"माझ्याकडे भांडी आपटायला कुणीच नाही," हिल्डा म्हणाली. "तू ये."

मग ते सुरू झालं. दर रविवारी तिचा फोन. खोली कुठल्या रंगाची करू? मी गमतीनं म्हटलं, हळदीची. पुढच्या रविवारी तिनं फोन फिरवून दाखवलं, इंग्लंडच्या त्या करड्या उजेडात एक पिवळीधमक खोली, हळद लागलेल्या नवरीसारखी. खिडकीखाली पलंग, पलंगावर गोधडी. खिडकीतून सफरचंदाचं झाड. "मे महिन्यात फुलतं," ती म्हणायची. "मेमध्ये ये." मी म्हणायचे, येत्या मेमध्ये नक्की. मग ह्यांची बायपास निघाली. मग माझा गुडघा. मग ती महामारी, जगच कुलूपबंद. मग नातवाची मुंज. एका मेमध्ये व्हिसाचा अर्ज भरून झाला होता, तर बिचारे हे पाय घसरून पडले. दर खेपेला हिल्डा म्हणायची, "झाड कुठे जात नाही."

खरं सांगू? सगळीच कारणं खरी होती असं नाही. गुडघा तेवढाही दुखत नव्हता. माहेरी गेलं की परत निघावं लागतं, स्टँडवर उभं राहावं लागतं. न गेलेलं माहेर कसं, सगळंच्या सगळं शिल्लक. शेजारणी माहेराहून येऊन भावजयांच्या कागाळ्या सांगायच्या, तेव्हा मी मनातल्या मनात त्या पिवळ्या खोलीत उशिरापर्यंत लोळत असायचे. माझ्या माहेराची मला कधी कागाळी करावी लागली नाही. अशी मी धोरणी. काटकसर करून करून लोणचं नासवणारी बाई असते ना, तशी.

मागच्या हिवाळ्यात रविवारचा फोन आला नाही. मंगळवारी दुपारी तिच्या शेजारणीचा आला. हिल्डा झोपेतच गेली. तिनं आधीपासून सगळं सांगून ठेवलं होतं, कुठली प्रार्थना, कुठली जागा. चर्चमध्ये तिच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांची नावं वाचली, शेजारीण म्हणाली, दोनच होती. एक यवतमाळची बहीण. एक यवतमाळचा भाऊ.

मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं. हे उठले, काठी टेकत न्हाणीघरात गेले आणि भर थंडीत डोक्यावरून आंघोळ करून आले. घरचं माणूस गेल्यावर करतात तशी. मला मात्र काय करावं ते कळेना. कॉलनीतल्या बायका दारात भेटल्या. "तुमच्या ओळखीची ती इंग्लंडची बाई गेली म्हणे?" मी हो म्हटलं. ओळखीची. आणखी काय सांगणार? थुंकीपासून सुरुवात करावी लागली असती. भेटायला म्हणून कुणी आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. संध्याकाळी मी नेहमीसारखा कुकर लावला. शिट्ट्या मोजल्या.

ह्यांनी नेरला फोन केला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर तवा ठेवून कणीक मळत होते, तर फाटक वाजलं. कुसुमताई. पहिल्या एसटीनं आलेल्या, डोक्यावरून पदर, हातात फडक्यात बांधलेला डबा. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, आता विचारतील, काय वं मेमसाहेब, कशी काय हायेस. त्यांनी गॅस बंद केला, तवा उतरवून ठेवला, माझे कणकेचे हात धरून मला खाली बसवलं. डबा उघडला. पिठलं होतं आणि ज्वारीच्या भाकरी, अजून कोमट. एक तुकडा मोडून त्यांनी माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाल्या,

"तुह्या माहेरचं मानूस गेलं, वहिनी. आज तुले चूल पेटवाची नाही. खाय."